अनुपस्थित शिष्यावरील देखरेख : लोणावळ्याचा एक दाखला

दूरस्थ शिक्षणाचा आपल्याकडील इतिहास दिल्ली विद्यापीठाच्या १९६२ मधील पत्रद्वारा अभ्यासक्रमापासून सांगण्याचा प्रघात आहे. विद्यापीठीय दप्तरापुरते ते ठीकच होय. परंतु दृष्टीआड असलेल्या शिष्याचा अभ्यास कसा सांभाळावा, हा या पद्धतीचा मूळ प्रश्न त्याहून जुना असून त्याचे एक लक्षणीय उदाहरण मावळात, लोणावळे येथे आढळते.

स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापिले व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक काढले. विषय मोठा अडचणीचा होता. हठप्रदीपिकेची आज्ञा अशी की, गुरूने दाखविलेल्या मार्गानेच अभ्यास करावा. आणि येथे गुरू लोणावळ्यास, तर वाचक कोठेही! शिवाय गणित चुकले तर पाटी पुसता येते. शीर्षासन चुकले तर मान दुखावते.

आसनांवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथात यावरील तोड दिसते. शीर्षासन पाव मिनिटापासून आरंभावे, दर आठवड्यास अर्धे मिनिट वाढवावे, बारा मिनिटांपुढे जाऊ नये. ज्याचा कान वाहतो वा हृदय दुबळे आहे, त्याने ते करूच नये. रक्तदाब १५० हून अधिक किंवा १०० हून कमी असलेल्याने आपल्याच भरवशावर त्याच्या वाटेस जाऊ नये. गुरू जे नुसत्या नजरेने जोखतो, ते येथे घड्याळ आणि रक्तदाबमापक यांच्या हवाली केलेले आहे. सोबतच्या छायाचित्रांशी आपली ठेवण ताडून पाहणे, हे वाचकाचे काम. शिष्यालाच त्याचा निरीक्षक नेमण्याची ही युक्ती, माझ्या मते, पुढील कित्येक पत्रद्वारा पाठांहून अधिक विचारपूर्वक केलेली आहे. त्या पाठांत उत्तरपत्रिका तपासली जाई. अभ्यास चालू असताना विद्यार्थ्याने कोठे थांबावे, हे क्वचितच सांगितले जाई.

तथापि श्वास नकळत कोंडला जातो, तो छायाचित्रात उमटत नाही. १९५० च्या सुमारास कैवल्यधामाने योगाचे महाविद्यालय काढून शिक्षणार्थ्यांना लोणावळ्यासच आणले, त्यामागे अन्य कारणे असतीलच. परंतु छापील पाठाची ही उणीव तेथे आपोआप भरून निघाली, हे खरे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही अभ्यासकेंद्रांवर समंत्रक ठेवले, ते उगीच नव्हे.

२०२० च्या टाळेबंदीत शिक्षकाला पडद्यावर शिष्य दिसू लागला. मात्र कॅमेरा बंद ठेवण्याची मुभाही शिष्याच्याच हाती होती. आणि तो बंद असता शिक्षकाजवळ उरे ती हजेरीची नोंद, जिच्यात पाव मिनिट आणि बारा मिनिटे यांतला भेद कळत नाही.