अर्धशिशी: रोज गोळी घेऊनही डोके का दुखते?

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन. हा मेंदूच्या संवेदनशीलतेशी निगडित आजार आहे आणि बऱ्याचदा तो घराण्यात असतो. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, हालचाल केली की दुखणे वाढते. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान ८ दिवस ते मायग्रेनसारखे असेल, तर त्याला जुनाट मायग्रेन म्हणतात. निदान तुमच्या सांगण्यावरून आणि तपासणीवरून होते. प्रत्येकाला सीटी स्कॅन लागत नाही.

आधी गोळ्यांचे दिवस मोजा

"डॉक्टर, पूर्वी एका गोळीत थांबायचं, आता दोन घेतल्या तरी उतरत नाही." हे ऐकले की मी आधी विचारतो, महिन्यात किती दिवस गोळी घेता? अनेकांना उत्तर देता येत नाही, कारण गोळी मेडिकलमधून सुटी आणलेली असते. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी महिन्यात १५ दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामाइन किंवा मिश्र वेदनाशामक १० दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. ती बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो. नेमके तेव्हाच लोक पुन्हा मेडिकल गाठतात. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवा.

कॅलेंडरवर डोके दुखले त्या दिवशी एक खूण आणि गोळी घेतली त्या दिवशी दुसरी खूण करा. हा कागद माझ्यासाठी महागड्या तपासणीपेक्षा जास्त कामाचा असतो.

रोजची प्रतिबंधक औषधे

ही दुखणे थांबवत नाहीत, झटके कमी करतात. अमिट्रिप्टिलिन रात्री कमी मात्रेत सुरू करतात. प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्यांना चालत नाही. फ्लुनारिझिनने झोप येते, वजन वाढू शकते. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहेत, त्यामुळे मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी ही बाब आधी सांगावी. योग्य मात्रेवर आठ ते बारा आठवडे गेल्याशिवाय औषध निकामी ठरवू नका. आठवड्यात बंद केलेले औषध "लागू पडले नाही" असे म्हणता येत नाही.

उपवास आणि ऊन

आपल्याकडे नवरात्राचे उपवास आणि सोयाबीनची काढणी बऱ्याचदा एकाच सुमारास येतात, पाठोपाठ कोजागरीला तुळजापूरला पायी जाणे. उपाशीपोटी नुसता चहा, कमी पाणी, अपुरी झोप आणि ऊन हे सगळे एकदम झाले की झटका येतो. उपवास सोडा असे मी म्हणत नाही. ठरावीक वेळी ताक, फळे, भगर घ्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा, प्रतिबंधक गोळी चुकवू नका.

थांबू नका

क्षणात सुरू झालेली भयंकर डोकेदुखी, ताप व मान आखडणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, फिट, शुद्ध हरपणे, गरोदरपणी किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी: यांपैकी काहीही असेल तर लगेच धाराशिवला शासकीय रुग्णालय गाठा. वाटेत गोळी घेऊन वाट पाहू नका. दोन प्रतिबंधक औषधे नीट घेऊनही फरक नसेल, तर कॅलेंडर घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.