कोंडलेलें पाणी

अमेरिकेंतील स्वस्त घोडेस्वारी बोलपटांचें नांव काढतांच सुज्ञ मंडळी नाक मुरडतात. मीही मुरडीत असें. परंतु रॉबर्ट ब्रॅडबरी (१८८६–१९४९) हा लेखक निराळा. तो कथा लिही, दिग्दर्शनही स्वतःच करी. मुलगा बॉब स्टील यालाही त्यानें नायक केलें. १९३३ सालच्या त्याच्या ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ या तासाभराच्या आंत आटोपणाऱ्या चित्रांत खलपुरुष सोनें लुटीत नाहीं. तो पाणी अडवून शेतकऱ्यांच्या जमिनी बळकावूं पाहतो. पाण्याचे तंटे ज्यानें पाहिले, त्याला ही कथा पोरकट वाटणार नाहीं. नायक जॉन वेन. गाण्याचा गळा मात्र दुसऱ्याचा, आणि तें लपतही नाहीं! शेवटीं, विहीर उद्ध्वस्त करण्यासाठीं खलानेंच उडविलेल्या सुरुंगानें भूगर्भांतील झरा मोकळा होतो, आणि पाणी खोऱ्यांत धांवूं लागतें.