धूळ, राख की धूर? हवामान उपग्रहाला वरून कसे कळते, फोनवर कसे पाहायचे

२३ जानेवारी २०२२, रविवार. मुंबई, पुणे आणि उत्तर महाराष्ट्रात आभाळ धुरकट झाले. उघड्यावर लावलेल्या गाड्यांवर पांढरट धुरळा बसला. हा धुरळा इथला नव्हता. पाकिस्तानात कराचीच्या बाजूला जोराच्या वाऱ्याने उठलेली धूळ अरबी समुद्र आणि गुजरातवरून इकडे आली होती.

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. राख साधारण १४ किलोमीटर उंच गेली आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीच्या आभाळात पोचली. काही विमाने रद्द करावी लागली. या दोन्ही वेळी वाट कळली ती उपग्रहामुळे.

उपग्रह कुठे असतो?

भारताचे इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे हवामान उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहेत. पृथ्वीच्या वेगानेच फिरत असल्यामुळे ते कायम आपल्याच बाजूकडे बघत राहतात. एक उपग्रह दर अर्ध्या तासाला फोटो काढतो. एकामागून एक फोटो लावले की ढग किंवा धूळ कुठून कुठे सरकते ते दिसते.

धूळ आणि ढग वेगळे कसे काढतात?

साध्या फोटोत धूळ आणि पातळ ढग सारखेच दिसतात, आणि रात्री तर साधा फोटो काळाच येतो. म्हणून उपग्रह जमिनीतून व ढगांतून निघणारी उष्णता मोजतो. त्यासाठी त्याच्याकडे जणू दोन थर्मामीटर आहेत, एक ११ मायक्रॉनच्या आसपासच्या किरणांसाठी आणि दुसरा १२ मायक्रॉनच्या. ढगातले पाणी आणि बर्फ १२ ची किरणे जास्त अडवतात. धुळीतली वाळू आणि राखेतली काच याच्या उलट, ११ ची किरणे जास्त अडवतात. दोन आकड्यांची वजाबाकी केली की ढग एका बाजूला पडतो, धूळ आणि राख दुसऱ्या बाजूला. हे रात्रीही जमते.

मग धूळ आणि राखेत फरक कसा करायचा? राखेचा लोट एका ठिकाणाहून, ज्वालामुखीच्या तोंडातून निघतो. शिवाय त्याच्यासोबत सल्फर डायऑक्साइड वायू असतो आणि तोही उपग्रहाला टिपता येतो. धूळ मात्र रुंद पट्ट्यात उठते.

धुराचे काम अवघड

धूर आणि धुरके यांचे कण फार बारीक असतात. उष्णतेच्या फोटोत ते जवळपास दिसतच नाहीत. त्यामुळे धुरके दिवसाच्या फोटोत बघावे लागते. धुके पांढरेशुभ्र आणि काठ ठळक असलेले दिसते, धुरके करडे आणि पसरट.

पिकाचे अवशेष जाळल्याची नोंद घेणारे उपग्रह वेगळे. ते खालून, ध्रुवांवरून फिरतात. त्यातले महत्त्वाचे काही आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. मधल्या वेळेत पेटवलेला आणि विझलेला पाचटाचा फड त्यांच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून यादीत ठिपका नाही म्हणजे आग लागलीच नाही, असे समजता येत नाही. धूर मात्र हवेत राहतोच, आणि तो पहिल्यांदा जातो तो आपल्याच गावातल्या लेकराबाळांच्या छातीत.

फोनवर पाहताना एवढे लक्षात ठेवा

• रंग खरा नसतो. व्हॉट्सॲपवर गुलाबी किंवा लाल पट्टा असलेले चित्र आले तर घाबरू नका. आभाळ गुलाबी झालेले नाही. धूळ, राख ओळखू यावी म्हणून संगणकाने दिलेला तो रंग आहे.

• वेळ बघा. चित्रावर यूटीसी लिहिले असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. ०६०० यूटीसी म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेअकरा. तारीखही बघा, जुने फोटो नव्याने फिरतात.

• उंची विचारा. उपग्रह वरून बघतो. पट्टा आपल्या जिल्ह्यावर दिसला म्हणजे तो जमिनीवर उतरला असे नाही. हायली गुब्बीची राख विमानांच्या उंचीवर होती. विमानांना धोका होता, पण जमिनीवरच्या हवेवर फारसा परिणाम झाला नाही. २०२२ ची धूळ मात्र खाली होती, म्हणून ती गाड्यांवर बसली.

• ढगाखालचे दिसत नाही. वर दाट ढग असले तर खालची धूळ उपग्रहाला कळत नाही.

कुठे पाहायचे?

भारतीय हवामान विभागाच्या 'मौसम' संकेतस्थळावर इन्सॅटची ताजी चित्रे असतात. इस्रोच्या 'मोसडॅक' संकेतस्थळावरही मिळतात. दोन्ही फुकट आहेत. जमिनीवरची हवा कशी आहे ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर कळते, पण मोजणी केंद्रे बहुतेक शहरांतच आहेत. तालुक्याच्या गावाला शहराचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही.

आभाळ धुरकट दिसले तर आधी उपग्रहाचे चित्र बघा, मग हवेचा आकडा. दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी अशा दिवशी शेतात जाताना नाकातोंडाला ओला रुमाल नव्हे, तर चांगला बसणारा एन-९५ मास्क लावावा. बारीक कण रुमालाने अडत नाहीत.