पितळ, पागा आणि पावसाळा

आमचा एक भाचा टेक्सासात असतो आणि सुट्टीच्या दिवशी हजार यार्डांवरच्या, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरवरच्या पाटीवर नेम धरत बसतो. तिकडचे हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. तिच्यात नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरतात. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, तेव्हा कुणी हुरळून जाऊ नये.) त्याने मेलमध्ये विचारलं, "मामा, पुंगळ्या निवडताना काय बघू?" मी बंदुकीतला माणूस नाही, धातूतला आहे. पण उत्तर लिहायला बसलो आणि गोष्ट थेट आमच्या नागपुराजवळच्या छावण्यांच्या काळात गेली. म्हणून ती इथेच लिहितो, बाकीच्या भाचरांनीही वाचावी.

आधी पितळच का ते सांगतो. बार उडाला की पुंगळी क्षणभर फुगते, नळीच्या घराला घट्ट चिकटते आणि मागे येणारा वायू अडवते. दाब उतरला की तिने आकसून सुटायलाही हवं. नुसतं तांबं फार मऊ. लोखंड एवढं लवचीक नाही, शिवाय गंजतं. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाल्यावर जर्मनांनी पोलादी पुंगळ्या काढल्या, पण त्या गरजेपोटी. ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त, या पितळाला आजही 'काडतुसाचं पितळ' म्हणतात.

पितळ आलं तेही सरळ आलं नाही. १८५७ साली काडतूस कागदाचं होतं आणि त्याच्या चरबीने काय पेटलं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. १८६६च्या सुमारास बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याने पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून पुंगळी केली. ती दबायची, चेपायची, अडकायची. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्ली इथे ऐन लढाईत इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री रायफली अडकल्या आणि मग अखंड ओढून काढलेली पुंगळी घेणं भाग पडलं. पितळेची जाड चकती घ्यायची, साच्यातून दाबत ओढत लांब करायची, शेवटी मान बारीक करायची. आपल्या तांबटाला हे काम बघताक्षणी कळलं असतं. हंडा ठोकून ठोकून कडक झाला की तो भट्टीत तापवून मऊ करतो आणि पुन्हा ठोकायला घेतो, नाहीतर पत्रा फाटतो. कारखान्यातही दोन ओढींच्या मध्ये तसंच तापवतात. पण शेवटच्या ओढीनंतर मान तशीच सोडली, तर धातूत ताण अडकून राहतो. बाहेरून काही दिसत नाही. पुंगळी नवीकोरी, चकचकीत!

आणि इथे आपला पावसाळा येतो. आमच्या जरीपटक्यातून कामठी रस्ता जवळच. (जरीपटका म्हणजे मराठ्यांचं निशाण, १९४७ नंतर सिंधी निर्वासित इथे वसले, आता निशाणापेक्षा कापडाची दुकानं प्रसिद्ध.) त्या रस्त्याच्या टोकाला १८२१ सालची कामठीची छावणी. इंग्रजी अमदानीत अशा छावण्यांत जून लागला की हालचाली थंडावायच्या. दारूगोळा कोरड्या जागी हवा, आणि छप्पर असलेली हाताशी असलेली जागा म्हणजे घोड्यांची पागा. पेट्या तिथे रचल्या जायच्या. पाऊस सरल्यावर उघडल्या की काही पुंगळ्यांना मानेशी, गोळी आवळून बसवलेली असते तिथे, उभ्या चिरा. ना ठोका, ना धक्का. अशी पुंगळी वायू अडवत नाही, म्हणजे शिपायाच्या हातातलं हत्यार ऐन वेळी दगा देणार. इंग्रजांनी या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' नाव दिलं, म्हणजे मोसमी तडकणं. मोसम आपला, नाव त्यांचं.

कारण पक्कं व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते मांडलं: दोषी अमोनिया. घोड्याच्या मुतातून तो हवेत येतो, पावसाळी दमट हवेत पितळेवर बसतो, तांब्याला विरघळवतो. (कॉलेजात तांब्याच्या द्रावणात अमोनिया टाकून गडद निळा रंग केलेला आठवत असेल, तेच हे.) पण नुसत्या अमोनियाने पुंगळी अशी चिरत नाही, आत अडकलेला ताणही लागतो. दोघं भेटले की चीर. उपायही त्यातूनच निघाला: तयार पुंगळी बेताने तापवून ताण काढून टाकायचा. एवढं तापवायचं नाही की सगळीच मऊ पडेल. बुडाशी पितळ कडकच हवं, दाब तिथे फार असतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत सुंदर आहे. एकच तुकडा, टोकाला मऊ आणि बुडाला कडक.

महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. खडकीचा कारखाना १८६९चा, वरणगावचा १९६४चा. दोन्ही २०२१ पासून म्युनिशन्स इंडियाकडे आहेत. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' दिसलं की खडकी, 'ओएफव्ही' दिसलं की वरणगाव.

तर भाच्या, तुझं उत्तर. बुडावरचा छाप आणि साल एकच असलेल्या पुंगळ्या एकत्र ठेव. त्या तोलून बघ: लष्करी पुंगळीचं पितळ बरेचदा जाड असतं, म्हणजे आत जागा कमी, आणि तेवढीच दारू जास्त दाब देते. लांबच्या नेमाला हा फरक सरळ पाटीवर दिसतो. बुडात एकच भोक असलेली, बॉक्सर पद्धतीची घे. दोन भोकांच्या बर्डनमधून जुनी टोपी काढताना जीव जातो. (बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन, आणि आज अमेरिकेत चालते बॉक्सरची. असो.) मानेशी केसाएवढी चीर दिसली तरी फेकून दे. अमोनिया असलेल्या पॉलिशने चकाकी आणू नकोस, ते म्हणजे पुंगळ्या पुन्हा पागेत नेऊन ठेवणं झालं.

आणि लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसेल. ती तापवल्याची खूण, मुद्दाम ठेवलेली. नवखे लोक तिला डाग समजून घासत बसतात.