गटप्रकल्पाचे गुण कोणाचे?

अनेक विद्यार्थ्यांनी मिळून केलेल्या कामातून प्रत्येकाचे शिक्षण पारखणे म्हणजे गटकार्याचे मूल्यमापन होय. छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना अंतिम वर्षाचा गटप्रकल्प जुनाच परिचित आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार क्षेत्रीय प्रकल्प आता कला, वाणिज्य शाखांतही आले आहेत.

गटाला सरसकट समान गुण दिले, तर राबणारा आणि नुसते नाव लावणारा एकाच मापाने मोजला जातो. माणसे वाढली की प्रत्येकाचा जोर घटतो, हे फ्रेंच अभियंता रिंगेलमान यांच्या दोर ओढण्याच्या प्रयोगांतून दिसले. त्यांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावर उपाय म्हणजे अहवालाला गटाचे गुण द्यावेत आणि सहकाऱ्यांच्या गोपनीय मूल्यांकनातून प्रत्येकाचा गुणक काढावा. समजा, गटाला १०० पैकी ६० गुण मिळाले. सहकाऱ्यांच्या मूल्यांकनात गटाची सरासरी ५ आणि एखाद्याची ४ असेल, तर त्याचा गुणक ०.८ व गुण ४८ होतात.

मात्र मैत्री, आकस किंवा पूर्वग्रह या आकड्यांत शिरू शकतात. म्हणून कार्यनोंदवही आणि तोंडी परीक्षेशी त्यांचा पडताळा शिक्षकांनीच घ्यावा. निकष प्रकल्पाच्या आरंभीच जाहीर करावेत. कारण गुणपत्रिका पुढील प्रवेशाला आणि नोकरीला एकट्याच्याच नावाने जाते.