सोलापूर लोकसभा निवडणूक, २०१९ : उमेदवारांची पार्श्वभूमी

अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या सोलापूर मतदारसंघातील ही तिरंगी लढत निकालाइतकीच उमेदवारांच्या वेगळ्या वाटांमुळे लक्षात राहते. काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे तरुणपणी सोलापूरच्याच न्यायालयात पट्टेवाले होते. पुढे फौजदार, मुख्यमंत्री, राज्यपाल आणि केंद्रीय गृहमंत्री झाले. वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर हे डॉ. बाबासाहेबांचे नातू, ते त्याच वेळी अकोल्यातूनही उभे होते. भाजपचे जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी मात्र अक्कलकोट तालुक्यातील गौडगावचे मठाधिपती, निवडणुकीत नवखे. दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले ते हेच. त्यांचा बेडा जंगम जातीचा दाखला जात पडताळणी समितीने २०२० मध्ये अवैध ठरवला आणि वाद न्यायालयात गेला. २०२४ मध्ये ही जागा शिंदे यांच्या कन्या, तीनदा आमदार राहिलेल्या प्रणिती यांनी जिंकली.