पेनड्राइव्हवरून बूट : एका अडचणीचा मागोवा

सीमाभागातल्या मराठी घरांत जपून ठेवलेले कागद पुष्कळ असतात. जमिनीचे उतारे, मराठी शाळेचे दाखले, १९५६ नंतरच्या सीमालढ्याची कात्रणं, लग्नांचे अल्बम. ते स्कॅन करून एका जागी ठेवायचे तर जुना डेस्कटॉप, दोन हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्हवर लिनक्स एवढ्यावर घरचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा साठा, उभा राहतो. मग निपाणीत किंवा बेळगावात एका संध्याकाळी वीज जाऊन येते आणि पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढंच उमटतं. घाबरून पहिला हात फॉरमॅटकडे जातो. तो आवरावा. वेगवेगळ्या काळांत घडलेल्या यंत्रणा इथे एकमेकींवर रचलेल्या आहेत. त्यांचा इतिहास माहीत असला की दोष कुठे शोधायचा हे कळतं.

मूळ अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. वीज गेली की मेमरी रिकामी होते आणि डिस्कवरचा प्रोग्राम वाचायला आधी एक प्रोग्राम लागतो. १९७५ च्या अल्टेर ८८०० वर तो पुढच्या पॅनेलवरचे खटके वर-खाली करून हातानं भरत. १९८१ च्या आयबीएम पीसीत हे काम चिपमधल्या बायोसकडे आलं. बायोस फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत घेई आणि पुढचा कारभार त्याच्यावर सोपवी. १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर हार्ड डिस्कसाठी एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) आला. तिथेही जागा तेवढीच: ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदीला आणि शेवटचे दोन बाइट, ५५ आणि एए, खुणेला. लिनक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर मशीन सुरू होत नाही, त्याचं कारण इथे आहे. कॉपी केल्यानं फाइल जाते, पण पहिला सेक्टर होता तसाच राहतो. म्हणून रूफस किंवा डीडीसारख्या साधनानं ती इमेज लिहावी लागते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे लिनक्स पीसी क्वेस्ट मासिकाच्या सीडीवरून पोचलं. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स आणलं आणि इन्स्टॉल न करता थेट सीडीवरून लिनक्स चालवणं सोपं झालं. त्याच वर्षी ८ एमबीचा पेनड्राइव्ह बाजारात आला. पण त्या काळच्या बहुतेक बायोसना पेनड्राइव्हवरून बूट करणं येत नव्हतं. पुढे ते त्याला फ्लॉपी, झिप किंवा हार्ड डिस्क समजून वागवू लागले. जुन्या मदरबोर्डवर यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे पर्याय दिसतात ते त्यामुळेच. आपल्याला बहुधा शेवटचा लागतो.

घरच्या नॅसची परंपराही तेव्हाचीच. २००४ साली लिंकसिसचा एनएसएलयू२ हा छोटा नॅस आला. त्यात ३२ एमबी मेमरी आणि ८ एमबी फ्लॅश होती. आत लिनक्स आहे म्हटल्यावर हौशी मंडळींनी त्याची सगळी सिस्टीम बाहेरच्या यूएसबी डिस्कवर हलवली. पेनड्राइव्हवर सिस्टीम आणि डिस्कवर फक्त आपला डेटा, ही मांडणी आज अनरेड या नॅस प्रणालीनंही तशीच ठेवली आहे.

२००५ मध्ये बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयचा फोरम स्थापन झाला आणि पुढे पद्धत बदलली. यूईएफआय पहिल्या सेक्टरमधला प्रोग्राम चालवत नाही. तो फॅट पार्टिशनमध्ये ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ आणि त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल शोधतो. पेनड्राइव्ह एका पद्धतीनं तयार केलेला आणि मशीन दुसऱ्या पद्धतीवर, हा घोटाळा नेहमीचा. वीज वारंवार जाते तिथे मदरबोर्डवरचा सेल संपला की सेटिंग मूळ पदावर येतं आणि काल चालणारं मशीन आज अडतं. म्हणून आधी सेटिंगमधली बूट पद्धत तपासावी. नंतर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला बूट प्रोग्राम अडवणारी सोय.

कधी लिनक्स सुरू होतं, अक्षरं सरकतात आणि ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ या ओळीवर सगळं थांबतं. इथे बायोसचा दोष नाही, त्याचं काम संपलेलं असतं. पेनड्राइव्ह ओळखायला काही सेकंद लागतात आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तेवढं थांबलेला नसतो. ग्रब या बूटलोडरच्या मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘रूटडिले=१०’ लिहून पाहावं. नवी हार्ड डिस्क जोडल्यावर हे झालं असेल तर कालचा एसडीए आज एसडीसी झालेला असू शकतो. तेव्हा डिस्कच्या नावाऐवजी न बदलणारा ओळख-क्रमांक (यूयूआयडी) द्यावा.

पेनड्राइव्ह सतत लिहिल्यानं झिजतो, कधी ना कधी जाणारच. तेव्हा नॅस चालू आहे तोवरच पेनड्राइव्हची हुबेहूब इमेज दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढा आणि कागदांची एक प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे ठेवा. सिस्टीम पुन्हा उभी करता येते, आजोबांचे कागद पुन्हा मिळत नाहीत.